वंशावळीचे वाचन : वर्धा जिल्ह्यातील कुलशोध आणि स्थानिक इतिहास

मराठीत कुलवृत्तांत हा लेखनप्रकार विसाव्या शतकात चांगला रुजला. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, शाखाविस्तार आणि अखेरीस पिढ्यांचे तक्ते असा त्याचा साचाही ठरून गेला. ह्या ग्रंथांमागील परिश्रम आदरणीय आहेत. परंतु त्यांतील बहुसंख्य ग्रंथ ज्यांच्या घरी सनदा, पत्रे व दप्तरे पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली अशा लेखनजीवी घराण्यांचे आहेत, आणि त्यामुळे कुलशोध हा कागदपत्रसंपन्न घराण्यांचाच उद्योग होय, अशी समजूत अभ्यासकांतही रूढ झालेली दिसते. वर्धा जिल्ह्यात ही समजूत घेऊन गेलेला संशोधक रिकाम्या हाताने परततो. येथील कुणबी, तेली, माळी, महार, कोष्टी, गोंड घरांपैकी सनद दाखवू शकणारी घरे विरळा. उलट, राखीव जागेवर प्रवेश किंवा नोकरी मागणाऱ्या प्रत्येक घराला आज आपली वंशावळ लिहावी लागते. जातवैधतेच्या अर्जासोबत ती प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. एका पानावर मावणारा, कोणीही न छापलेला आणि कोणत्याही वाङ्मयेतिहासात न नोंदलेला हा मजकूर आजच्या विदर्भातील कुललेखनाचा सर्वांत प्रचलित प्रकार आहे. कुलवृत्तांताला संशोधन म्हणावे आणि ह्या पानाला कचेरीतील कागद म्हणावे, हा भेद तपासून पाहण्याजोगा आहे.

वंशावळ ही कुतूहलातून लिहिली जाते असे आपण मानतो. मराठीतील जुने कागद वेगळीच साक्ष देतात. वतनाचा तंटा उभा राहिला की पक्षकाराने आपल्या घराण्याची हकिकत 'करीना' म्हणून लिहून द्यावी, गोतसभेने ती ऐकावी आणि निवाड्याचा 'महजर' व्हावा, अशी रीत होती. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या खंडमालेने अशा कागदांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. करीन्यात पिढ्या येतात त्या दाव्यासाठी. कोणता भाऊ वडील, कोणाचा वंश खुंटला, कोण परागंदा झाला आणि त्याच्या मागे वतन कोणी चालविले, एवढेच त्यात सांगितले जाते. ज्या शाखेचा दाव्याशी संबंध नाही ती शाखा मजकुरातून गळते. आजच्या प्रतिज्ञापत्रातही वडिलांकडील रक्तनात्याची रेषा येते आणि बाकीचे गोत बाहेर राहते. ह्या अर्थाने वंशावळ हा मूलतः दाव्याचा मजकूर आहे. त्यामुळे त्यातील माहिती खोटी ठरत नाही. मात्र ती कोणापुढे, कशासाठी आणि कोणाला वगळून मांडली आहे हे विचारल्यावाचून ती वाचता येत नाही.

वर्धा जिल्ह्याशी निगडित अशी एक अतिप्राचीन वंशावळ ह्या दृष्टीने फार बोलकी आहे. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिचा जो ताम्रपट पुण्याच्या नावाने ओळखला जातो, त्यातील दानग्राम 'दंगुण' म्हणजे आजचे हिंगणघाट, अशी ओळख अभ्यासकांनी पटवली आहे. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या व दुसऱ्या रुद्रसेनाची पत्नी. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन युवराज दिवाकरसेनाच्या वतीने ती राज्य पाहत होती. तिच्या ताम्रपटात आरंभी येते ती गुप्तांची, म्हणजे तिच्या माहेरची वंशावळ. गोत्रही ती धारण हे पित्याचेच सांगते. वाकाटकांचे विष्णुवृद्ध नव्हे. सासरच्या राज्यात शासन करणाऱ्या स्त्रीने अधिकाराचा आधार म्हणून पित्याचे कुळ पुढे करावे, हे वंशावळीच्या दावेदारीचे इतके जुने उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या संदर्भात मिळते. पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटांत मात्र वाकाटकांचा पितृवंश येतो. एकाच घरातील आई व मुलगा यांनी दोन वंशावळी दिल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

ह्याच ताम्रपटावरून दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हिंगणघाटचा कागद पुण्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. तर राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा शके ८६२ चा, म्हणजे इ. स. ९४० चा ताम्रपट वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे सापडला, पण त्यातील दानग्रामाची सीमा कन्हान नदीची, म्हणजे नागपूरकडील आहे. साधन जेथे मिळते त्या जागेचाच इतिहास ते सांगते असे नाही. स्थानिक इतिहास लिहिणारे उत्साही लेखक येथे वारंवार घसरतात. ('आमच्या गावचा ताम्रपट' ह्या शब्दप्रयोगातील 'आमच्या' हे पद किती प्रकारचे अर्थ देते, हा शैलीविज्ञानाच्या विद्यार्थ्याने पाहण्याजोगा विषय आहे.)

अलीकडच्या काळाकडे वळल्यावर पहिला प्रश्न येतो तो नदीचा. वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर सोयरिकी आहेत, भाषा एक आहे, कुळाचारही पुष्कळसे समान आहेत. पण कागद मात्र दोन वेगळ्या राज्यव्यवस्थांचे आहेत. १८०३ च्या देवगावच्या तहाने नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचे हक्क नागपूरकर भोसल्यांना सोडावे लागले आणि तो मुलूख निजामाकडे गेला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले व १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. पूर्वतीर भोसल्यांकडे राहिला, १८५४ मध्ये खालसा झाला, १८६१ मध्ये मध्य प्रांतात गेला आणि १८६२ मध्ये नागपूरपासून अलग होऊन वर्धा जिल्हा बनला. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धत आली. तेथे शेतकरी खातेदार म्हणून स्वतःच्या नावाने कागदावर उभा राहतो. वर्ध्याच्या बाजूला मालगुजारी पद्धत होती. तेथे गावाचा धनी मालगुजार. शेतकरी येतो तो मालिक-मकबुजा, मौरूसी कूळ किंवा साधे कूळ म्हणून. शेतमजुराचे नाव तर जमिनीच्या कागदात कोठेच नसते. सारांश, एकाच आडनावाच्या दोन भावांपैकी एक नदीपलीकडे गेला असेल तर त्याचे वंशज 'आमच्याकडे कागद आहेत' म्हणतात आणि अलीकडचे 'आमच्याकडे काहीच नाही' म्हणतात. हा फरक घराण्यांच्या प्रतिष्ठेचा नाही, महसूलपद्धतीचा आहे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि १९५१ पासून तिचा अंमल संपला. त्यानंतरच्या अधिकार अभिलेखात पूर्वीच्या कुळांची नावे प्रथमच ठळकपणे दिसू लागतात. कित्येक घरांची लिखित वंशावळ ह्याच टप्प्यापाशी थांबते. तिच्या मागे जावयाचे तर बंदोबस्ताची मिसल आणि 'वाजिब-उल-अर्ज' पाहावे लागतात. वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावाच्या रूढींची नोंद : चराई कोणाची, सरपण कोठून आणावे, कोतवालाचा हक्क किती. कुलशोधापेक्षा ते गावाच्या समाजरचनेचे साधन आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे जवळजवळ पाठच फिरवलेली आहे.

गावनावांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. जिल्ह्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळच्या कवठा येथे होते. १८६६ मध्ये पालकवाडी ह्या वस्तीच्या जागी नवे शहर वसवून ते तेथे आणले गेले, तेच आजचे वर्धा. त्यापूर्वीच्या कागदात 'वर्धा' आले तर ती नदी असते, शहर नव्हे. सेगाव हे १९४० मध्ये सेवाग्राम झाले. तेव्हा त्याआधीच्या शालेय वा जमिनीच्या नोंदीत सेवाग्राम शोधणे व्यर्थ. तहसिली पूर्वी वर्धा, हिंगणघाट व आर्वी ह्या तीनच होत्या, आज आठ आहेत. आष्टी किंवा कारंजा भागातील गावाचा जुना कागद आर्वीच्या नावाखाली असण्याचा संभव अधिक. 'कर'-अन्त आडनावांविषयी तर एक साधे तत्त्व विसरले जाते. देवळीत राहणाऱ्याला कोणी देवळीकर म्हणत नाही. गाव सोडून गेलेल्याला पुढच्या गावाने दिलेले ते नाव आहे. म्हणून असे आडनाव घराणे कोठले ते सांगते आणि त्याच वेळी ते तेथे राहिले नाही हेही सांगते.

आता मुख्य साधनाकडे यावे. इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू झाल्या. बाप्तिस्मा, विवाह, दफन हे विधी जेथे होतात तेथेच नोंद होते. आपल्याकडे विधी पुरोहिताच्या वा वडीलधाऱ्यांच्या हाती आणि जन्ममृत्यूची नोंद कोतवालाच्या तोंडी, अशी विभागणी झाली. 'कोतवाल बुक' ह्या नावाने ओळखली जाणारी नोंदवही म्हणजे गावच्या कोतवालाने दिलेल्या वर्दीचा लिखित अवशेष. कोतवाल बहुधा महार किंवा गोंड असे आणि बहुधा निरक्षर असे. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. बोली एकाची, अक्षर दुसऱ्याचे. ज्या समाजाला लेखनाधिकार नाकारला गेला होता त्याच्याच स्मरणावर संपूर्ण गावाचे जन्ममृत्यू नोंदले गेले, ह्या वस्तुस्थितीचा उल्लेख कुलशोधविषयक लेखनात सहसा येत नाही.

ह्या नोंदींची भाषा शिकल्यावाचून त्या उघडत नाहीत. आडनाव प्रायः नसते. 'रामा वल्द गोविंदा, कुणबी, साकीन मौजा अमुक' अशी नोंद येते. येथे वल्द म्हणजे मुलगा, साकीन म्हणजे राहणार. स्त्री येते ती 'जोजे अमुक' म्हणजे पत्नी किंवा 'बेवा अमुक' म्हणजे विधवा म्हणून. जन्माच्या नोंदीत मूल अनामिक असते, केवळ 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बारसे व्हायच्या आत वर्दी गेलेली असते. ह्या 'मुलग्या'ला नाव मिळते ते पुढे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, आणि तेथील जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने घातलेली असल्याने दोन नोंदी जुळत नाहीत. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे 'गोविंदा वल्द रामा' आणि 'रामा वल्द गोविंदा' आळीपाळीने येत राहतात. घाईने वाचणारा दोन पिढ्या एक करतो किंवा एका माणसाचे दोन करतो. पटवाऱ्याचे अक्षर ही अडचण आणखी वेगळी.

नावे स्वतःही बोलतात. मंगरू, बुधा, सुकरू ही वारांवरून आलेली नावे जन्मदिवस जपून ठेवतात. दगडू, कचरू, उकंडा ही नावे दारिद्र्याची खूण मानणे चूक आहे. आधीची मुले दगावल्यावर झालेल्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून टाकाऊ वस्तूचे नाव देत. नोंदवहीत उकंडा दिसला की त्याच्या आधीच्या वर्षांतील मृत्यूंची पाने उलटावीत. तेथे पुष्कळदा 'वल्द'च्या पुढे तेच बापाचे नाव आढळते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची, लोकांच्या भाषेत मानमोडीची, पाने तर वेगळी ओळखावी लागत नाहीत. वृद्ध माणसे 'मानमोडीच्या साली' म्हणतात तेव्हा ती इतकी नेमकी कालनोंद असते की तिच्याभोवती एक पिढी बसवता येते. 'छप्पनचा दुष्काळ' मात्र फसवा आहे. तो विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९००. भोसलेकालीन कागदांत सुहूर सन असेल तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. फसली सनाचे दक्षिणी गणित ५९० किंवा ५९१ चे, उत्तरेकडील ५९२ किंवा ५९३ चे. कोणते गणित लागू आहे हे कागदातील अन्य उल्लेखावरूनच ठरते.

हे सारे बारकावे पंडिती नाहीत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ह्या तारखांच्या आधीचा पुरावा अर्जदाराकडे मागितला जातो. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणातील निर्णयानंतर पडताळणी समित्या व त्यांची दक्षता चौकशी यांना निश्चित स्वरूप आले. तेव्हापासून कोतवालाच्या वर्दीतील एका शब्दावर एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश अवलंबून असतो. तो शब्द जातीचा की धंद्याचा, हे लिहिणाऱ्याच्या मनात स्पष्ट असेलच असे नाही. विणकाम करणाऱ्याला 'कोष्टी' लिहिले गेले, आणि 'हलबा' असल्याचा त्याच्या वंशजांचा दावा त्या एका शब्दावर अडला. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, आदेशातील शब्द आहे तसाच वाचावा लागतो, बाहेरचा पुरावा घेऊन त्याचा विस्तार करता येत नाही, असे ठरविले. कायद्याचे हे वाचन आणि भाषाभ्यासकाचे वाचन एक नाही. एकाला शब्दाचा अर्थ गोठवावा लागतो, दुसऱ्याला तो लिहिला गेला त्या क्षणी काय होता हे पाहावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतरच्या शालेय नोंदींत 'महार'च्या जागी 'बौद्ध' येते. एकाच घरातील थोरल्या व धाकट्या भावाच्या दाखल्यांत त्यामुळे दोन भिन्न शब्द असतात. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला तेव्हा मोडी व उर्दू वाचू शकणाऱ्यांची गरज भासली. मोडीचा अभ्यासक्रम चालविणाऱ्या मराठी विभागांनी ह्या मागणीचा अर्थ पुरता लक्षात घेतला आहे असे दिसत नाही.

लिखित साधनांच्या पलीकडे मौखिक परंपरा आहे. भाटाच्या वह्या, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी, गोंडांच्या कुळांच्या कथा किंगरीवर गाणारे परधान, ही तिची तीन रूपे. तीर्थोपाध्यायाच्या वहीत पुष्कळदा यात्रेकरूच्या स्वतःच्या हातची सही मिळते, हा तिचा मोठा गुण. परंतु यात्रेला जाण्याचे सामर्थ्य असलेल्यांचीच ती वही आहे. परधानाच्या गायनात पिढ्यांची मोजदाद नसते, गोत्रदैवतांचा क्रम असतो. त्याच्याकडून तारीख मागणे म्हणजे चुकीच्या साधनाला चुकीचा प्रश्न विचारणे. दत्तकाचा प्रश्न ह्या सर्वांतच आडवा येतो. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ मध्ये राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास येथे झाला. वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घरात ते नातू म्हणून दत्तक आले. वर्ध्याच्या इतिहासात ते वर्ध्याचे आहेत, जन्माच्या रेषेने राजस्थानचे. सार्वजनिक जीवनातील व्यक्तीबाबत हे माहीत असते. सामान्य घरात तीन पिढ्यांनंतर दत्तक विसरला जातो आणि कुळाचारातील एखादे न जुळणारे दैवत तेवढे उरते.

गावोगावच्या आख्यायिकांचे काय करावे? आर्वीचे 'आर्वी तेलंगराव' असेही नाव प्रचलित होते. ज्या तेलंगरावाने गाव वसविले असे सांगतात, त्याला हिंदू आपला मानतात आणि मुसलमानही. दोघेही त्याच्या समाधिस्थानाला मानतात. ह्याच्या उलट आष्टीला जहांगीरकालीन मुहम्मद खान नियाझी याचे नाव इमारतीशी जोडलेले आहे. आष्टी, आमनेर, पवनार व तळेगाव हे परगणे त्याच्याकडे होते, १६२७ मध्ये तो मरण पावला आणि त्याची कबर व पुढच्या पिढीतील अहमद खानाची कबर ह्या वास्तू तेथे उभ्या राहिल्या. आष्टीत दगडाची साक्ष आहे, आर्वीत लोकांची. आर्वीचा 'खरा' धर्म शोधून काढण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा. मराठीत ह्याविषयी उत्तम पूर्वपरंपरा आहे. महानुभाव ग्रंथकारांनी चक्रधरांच्या लीळा गोळा करताना भिन्न पाठ निकालात न काढता सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंदवून ठेवले; हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा, परशरामबासांचा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी गावोगाव फिरून केलेले हे संकलन आणि 'स्थानपोथी'तील स्थळांची वर्णने ही मराठीतील स्थानिक इतिहासाची पहिली शाळा मानण्यास हरकत नाही. पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, हे वा. वि. मिराशी यांचे मत मनसरच्या उत्खननांनंतर वादग्रस्त झाले. अशा ठिकाणीही मते, मत मांडणाऱ्याच्या नावासह, शेजारी शेजारी ठेवणे अधिक प्रामाणिक.

राहता राहिला स्त्रियांचा प्रश्न. खरे तर तोच आधी घ्यावयास हवा होता. लग्नात नाव बदलते, आडनाव बदलते, आणि प्रतिज्ञापत्रावरील रेषा मुलीपाशी येऊन थांबते. आईच्या आईचे नाव व गाव सांगता येणारी किती घरे आहेत, हे प्रत्येक अध्यापकाने आपल्या वर्गात विचारून पाहावे. तथापि साधनात एक फट आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल ह्या जिल्ह्यात सर्वदूर होती आणि जन्माची वर्दी जेथे मूल जन्मते त्या गावचा कोतवाल देतो. म्हणून पित्याच्या गावच्या कोतवाल बुकात थोरल्या मुलाची नोंद सापडत नाही, आणि कुटुंब 'नोंदच झाली नव्हती' असे धरून चालते. ती बहुधा दहावीस मैलांवरच्या दुसऱ्या गावात असते. तेथे पित्याच्या नावापुढे परगावचे साकीन लिहिलेले आढळते आणि त्या एका परक्या पत्त्यावरून आईचे गाव कळते. नोंद 'मुलगा' एवढीच असली तरी त्या पानावर आसपास नानाच्या घरातील इतर जन्ममृत्यूही असतात. त्यांतूनच कोणी 'बेवा अमुक' म्हणून नोंदलेली म्हातारी बहुधा त्या मुलाची पणजी किंवा आजी असते.